कृष्णविवर म्हणजे काय?

'कृष्णविवर' हा शब्द कानीं पडतांच, आकाशांत एखादें अक्राळविक्राळ भगदाड असून तें भोंवतालचें सर्व कांहीं ओढून गिळीत आहे, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. या चित्रानें दिशाभूल होते. विवर म्हणजे पोकळी. येथें तर पुष्कळसें वस्तुमान अत्यंत थोड्या जागेंत दाटलेलें असतें.

वर फेंकलेला दगड खालीं येतो. परंतु हवेचा विरोध नसतां तो सेकंदास सुमारें ११.२ किलोमीटर वेगानें फेंकला, तर परत येणार नाहीं. यास मुक्तिवेग म्हणतात. आतां, वस्तुमान तेवढेंच राहून पृथ्वी आकसत चालली आहे, अशी कल्पना करा. पृष्ठभाग मध्याच्या जसजसा जवळ येईल, तसतसा तेथील मुक्तिवेग वाढेल. पृथ्वी टपोऱ्या बोराएवढी, म्हणजे सुमारें ९ मिलिमीटर त्रिज्येची झाली, कीं तो वेग प्रकाशाच्या वेगाइतका, सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर होईल. प्रकाशाहून वेगवान कांहींच नाहीं. तेव्हां तेथून कांहींच सुटणार नाहीं. सूर्याकरितां ही त्रिज्या सुमारें ३ किलोमीटर येते. प्रकाशासही अडवून धरणाऱ्या ताऱ्याची कल्पना जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकानें १७८३ सालींच मांडली होती. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तावरून तिला आधारभूत ठरलेलें गणित कार्ल श्वार्ट्झशिल्ड यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलें.

एखादा चौकस विद्यार्थी येथें विचारील, सूर्याच्या जागीं तितक्याच वस्तुमानाचें कृष्णविवर आलें तर? प्रकाश आणि ऊब नाहींशी होईल. परंतु पृथ्वी आंत ओढली जाणार नाहीं. ती पूर्वींप्रमाणेंच सुमारें ३६५ दिवसांत प्रदक्षिणा करील. कारण दूरच्या वस्तूवरील ओढ वस्तुमान व अंतर यांवर अवलंबून असते. ओढीचा कहर अगदीं जवळ गेल्यावरच. प्रत्यक्षांत सूर्य कधींच कृष्णविवर होणार नाहीं. तितकें वस्तुमान त्याच्यापाशीं नाहीं.

मग जी वस्तु दिसत नाहीं, ती ओळखावी कशी? तिच्या शेजाऱ्यांवरून. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशीं, धनु राशीच्या दिशेस, एक तारा सुमारें १६ वर्षांत एका अदृश्य वस्तूभोंवतीं फिरतो. अशा ताऱ्यांच्या गतीवरून त्या वस्तूचें वस्तुमान सूर्याच्या सुमारें ४० लक्ष पट ठरलें. या शोधाबद्दल राइनहार्ड गेंझेल व अँड्रिया घेझ यांस २०२० सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. २०२२ सालीं त्या वस्तूचें चित्रही प्रसिद्ध झालें. त्यांतील तेजस्वी कडें तप्त वायूचें आहे. आणि मधली काळोखी म्हणजे जेथून प्रकाश आपल्याकडे परतूं शकला नाहीं, त्या जागेची छाया.