ससा घरी आणताना

मैत्रिणींनो, पोरांनी सशाचा हट्ट धरलाय? मग आधी आमचं ऐका. डोळे टवटवीत, नाक कोरडं, शेपटीखाली स्वच्छ असं किमान आठ आठवड्यांचं पिल्लू निवडा. नर-मादी एकत्र ठेवलेत, तर महिनाभरात पिल्लं होतात. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला वाळलेलं गवत कायम समोर हवं. भाकरी-बिस्किटानं पोट बिघडतं. कान धरून उचलू नका, खालून आधार द्या. उन्हाळ्यात पिंजरा सावलीत ठेवा. ससा आजार लपवतो. खाणं थांबलं की त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि शेतातलं रानसशाचं पिल्लू मात्र आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळायला बंदी आहे. एकटं दिसलं तरी ते पोरकं नसतं. आई पाजायला परत येते.