जन्मदात्यांचा शोध अडतो तो कागदापाशी

व्हिएतनाममधून अमेरिकेचे सैन्य १९७३ मध्ये परतले आणि दोन वर्षांनी युद्धही संपले. मागे राहिली ती अमेरिकी सैनिकांपासून व्हिएतनामी स्त्रियांना झालेली हजारो मुले. कोणाचे केस सोनेरी, कोणाचे दाट कुरळे, कोणाचे डोळे निळे. ‘बुई दोय’, म्हणजे धुळीचे आयुष्य जगणारी पोरे, अशा शब्दांत त्यांना हिणवले जाई. अनेकांनी उमेदीची वर्षे रस्त्यावर काढली. अखेर डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून त्यांना दार उघडले. या कायद्याचे वैशिष्ट्य असे, की वडिलांच्या नावाचा कागद नसला तरी चालत असे. चेहरा हाच पुरावा मानला गेला. सुमारे पंचवीस हजार मुले अमेरिकेत पोहोचली, त्यांचे नातेवाईक निराळेच. मात्र वडिलांच्या देशात पोहोचूनही प्रत्यक्ष वडील भेटले ते जेमतेम तीन टक्के मुलांना, असा अंदाज आहे.

महाराष्ट्रात जन्मून परदेशात वाढलेली एक पिढी नेमका उलटा प्रवास करीत आहे. मुंबई-पुण्यातील संस्थांमधून १९७० आणि ८० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत दत्तक गेलेली ही मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांचा चेहरा त्यांना फक्त देश सांगतो. गाव, घर, आई यांचा पत्ता असतो तो संस्थेच्या कपाटातील एका फाइलमध्ये.

या पिढीतील सर्वाधिक चर्चा झालेले नाव म्हणजे अरुण डोहले. १९७३ मध्ये पुण्यातील एका संस्थेतून ते तान्हेपणीच जर्मन दाम्पत्याकडे गेले. मोठेपणी त्यांनी आईचा शोध सुरू केला, तेव्हा कागद दाखवण्यास नकार मिळाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. सुमारे सतरा वर्षांच्या खटाटोपानंतर २०१० मध्ये त्यांना आई भेटली. आईला शोधण्यापेक्षा आईच्या नावाचा कागद हाती येण्यातच यातील बहुतेक काळ गेला.

त्या काळी परकीयांना भारतात थेट दत्तक देण्याचा कायदाच नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली येथील न्यायालय परदेशी दाम्पत्याला मुलाचे पालक नेमत असे आणि दत्तकविधान त्या देशात पूर्ण होई. या व्यवहारातील गैरप्रकारांची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सविस्तर नियम घालून दिले. त्यानंतर १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा, म्हणजे ‘कारा’, अस्तित्वात आली. त्याआधीच्या प्रकरणांत कागद कसा ठेवायचा हे बहुतांशी संस्थेवरच अवलंबून होते. शिवाय अविवाहित मुलीला बाळंतपणासाठी परगावी नेण्याची रीत होती. त्यामुळे फाइलमध्ये लिहिलेले गाव आईचेच असेल, याची खात्री देता येत नाही.

गुप्ततेकडे केवळ संस्थांचा आडमुठेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे विधवांना गुपचूप येऊन बाळंत होण्याची मुभा होती. त्या गुप्ततेमुळेच माता आणि मुले दोघांचे जीव वाचले. तेथेच जन्मलेल्या काशीबाईंच्या यशवंतला या दाम्पत्याने दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. शंभर वर्षांनंतरही कुमारी मातेला दिला जाणारा शब्द तोच होता: कोणाला कळणार नाही. त्या शब्दाच्या भरवशावर तिने पुढे संसार थाटलेला असतो. पन्नास वर्षांनी दारात उभा राहिलेला परदेशी माणूस तिचा मुलगा असतो, पण तिच्या घरात ते कोणालाच ठाऊक नसते. ही भीती खोटी म्हणता येणार नाही.

२०२२ च्या दत्तक नियमावलीने या दोन हक्कांत मेळ घालण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातील ‘मूळ शोधा’च्या तरतुदीनुसार अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः ‘कारा’कडे ऑनलाइन अर्ज करू शकते, त्याहून लहान असल्यास दत्तक पालकांसह अर्ज करावा लागतो. दत्तक संस्था, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष या सर्वांनी शोधास साह्य करायचे आहे. मूल सोडताना आई-वडिलांनी नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर त्यांची संमती घ्यावी लागते. ती मिळाली नाही किंवा ते सापडलेच नाहीत, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोडले गेले तेवढे तरी सांगावे लागते. मात्र तिऱ्हाइतामार्फत शोध घेण्यास मनाई आहे. परदेशात राहणाऱ्या, मराठी न येणाऱ्या माणसाने मदतनीसाशिवाय गावोगाव कसे विचारत फिरावे, याचे उत्तर नियमात नाही.

पालघरपुरते बोलायचे तर हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे डहाणू, बोईसर वा वसईकडच्या जुन्या प्रकरणाच्या कागदावर जिल्हा म्हणून ठाण्याचेच नाव असणार. शोध घेणाऱ्याने हे आधीच ध्यानात घेतले तर एक हेलपाटा वाचेल.

डीएनए चाचणीचा पर्याय अलीकडे पुढे आला आहे. पण परदेशी कंपन्यांकडे नमुने देणारे भारतीय मोजकेच असल्याने हाती बहुधा लांबचे चुलत नाते लागते. खांडव्याजवळून हरवून ऑस्ट्रेलियात दत्तक गेलेल्या सरू ब्रायर्ली यांनी उपग्रह नकाशांवर रेल्वेमार्ग धुंडाळत २०१२ मध्ये आई गाठली. त्यांना निदान पाण्याची टाकी आणि स्टेशन आठवत होते. दोन महिन्यांचे असताना गेलेल्यांना आठवणार काय?

आणि वडील? व्हिएतनामच्या मुलांचा सारा शोध वडिलांसाठी होता. येथे मात्र तो प्रश्न सहसा विचारलाही जात नाही. अविवाहित माता एकटीच्या सहीने मूल सोडू शकते. त्यामुळे वडिलांचे नाव फाइलमध्ये असेलच असे नाही. आई सापडली, बोलायला तयार झाली आणि तिने सांगितले, तरच ते कळते.