मेग्रे सोडा, कडक घ्या!

एक कादंबरी लिहायला किती दिवस लागतात? लेखक जॉर्ज सिमेनॉनला विचाराल तर फार फार तर अकरा! रोज सकाळी एक चॅप्टर, मध्ये सुट्टी नाही. आणि अठ्ठेचाळीस तास आजारी पडला, तर? लिहिलेले सगळे चॅप्टर थेट कचऱ्यात. त्या कादंबरीकडे पुन्हा बघायचंसुद्धा नाही!

म्हणूनच नवं पुस्तक सुरू करण्याआधी हा गडी डॉक्टरकडून तब्येत तपासून घ्यायचा. ब्लडप्रेशर ओके? चला, खून पाडूया!

आता स्कोअर बघा. पाइप ओढणाऱ्या इन्स्पेक्टर मेग्रेच्या 75 कादंबऱ्या. तरुणपणी 'जॉर्ज सिम' आणि इतर टोपणनावांनी पाडलेल्या पल्प कादंबऱ्या दोनशेच्या घरात. आणि माहीत आहे का, याशिवाय शंभराहून जास्त कादंबऱ्यांत मेग्रेचा पत्ताच नाही! खरी मेजवानी तिथेच आहे.

सिमेनॉन त्यांना म्हणायचा 'रोमां द्युर'. म्हणजे कडक कादंबऱ्या. नावात 'द्युर' असलं तरी दूर पळू नका. भाषा अगदी सोपी. लेखिका कोलेतनं तरुण सिमेनॉनला बजावलं होतं, की तुझं लिखाण फार 'साहित्यिक' होतंय. पठ्ठ्यानं विशेषणं छाटली ती कायमची!

मग कडक काय आहे? माणसं! इथे खुनी कोण, हा सवालच नसतो. सरळमार्गी माणूस एका संध्याकाळी अचानक का बिथरतो, हा सवाल असतो. आणि सोडवायला मेग्रे येत नाही.

पहिला घोट : 'मिस्टर हायर्स एंगेजमेंट', 1933. पॅरिसजवळच्या विलज्यूइफमध्ये एका बाईचा खून होतो आणि शेजारीपाजारी ठरवून टाकतात, की हे काम त्या एकलकोंड्या हायरचंच. पुरावा? माणूस विचित्र आहे, बस्स! अख्खी गल्ली मिळून एका माणसाला कसं घेरते, ते वाचताना घशाला कोरड पडते. मेग्रेच्या फॅननं इथूनच सुरुवात करावी, कारण पोलीस तपास ओळखीचा वाटतो आणि जमीन हळूच पायाखालून सरकते. या पुस्तकावर सिनेमे निघाले, 1946 मध्ये 'पॅनिक' आणि 1989 मध्ये 'मस्यू हायर'.

दुसरा घोट माझा सगळ्यात लाडका. 'द मॅन हू वॉच्ड द ट्रेन्स गो बाय', 1938. हॉलंडमधल्या ग्रोनिंगनचा केस पोपिंगा : बायको, मुलं, छान घर, पक्की नोकरी. एका रात्री बारमध्ये मालक सांगतो, कंपनी बुडाली! झालं, पोपिंगा ट्रेन पकडतो आणि त्याच्या आयुष्याची गाडी रुळावरून घसरते. पुढे पोलीस मागे लागले असताना हा चक्क पेपरांना पत्रं पाठवतो, त्यांच्या बातम्यांतल्या चुका दुरुस्त करायला! हसता हसता अंगावर काटा येतो.

आता डोस वाढवा. 'द स्नो वॉज डर्टी', 1948. परक्या सैन्याच्या ताब्यातलं बिननावाचं शहर आणि आईच्या कुंटणखान्यात राहणारा एकोणीस वर्षांचा फ्रँक. तो पहिला खून करतो, तोही काही कारण नसताना! अख्खं पुस्तक बर्फात गारठलंय, पण लिहिलं कुठे, माहीत आहे का? अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, टूसॉनला! पण हे पुस्तक पहिलंच उचलू नका. फ्रँकचा राग येईल, आणि राग येऊनही तुम्ही त्याला सोडू शकणार नाही.

उन्हाळा हवाय? मग 'ट्रॉपिक मून'. फ्रेंच वसाहतवादाची घामट, कुजकी बाजू. गाबोनमधल्या लिब्रव्हिलच्या एका हॉटेलवालीला त्यात आपणच दिसलो. तिनं सिमेनॉनला कोर्टात खेचलं आणि ती हरली.

आणि 1942 ची गंमत! त्याच वर्षी काम्यूची 'द स्ट्रेंजर' आली आणि सिमेनॉनची 'द विडो'सुद्धा. लेखक आंद्रे जीदनं झुकतं माप दिलं सिमेनॉनला! नोबेल मात्र पुढे जीदला मिळालं, काम्यूला मिळालं. सिमेनॉनला कधीच नाही. मला विचाराल, तर हा अन्याय आहे.

बरं, तो प्रसिद्ध काचेचा पिंजरा? 1927 मध्ये पॅरिसच्या मूलँ रूजबाहेर काचेच्या पिंजऱ्यात बसून सिमेनॉन पब्लिकसमोर कादंबरी लिहिणार, असा प्लॅन होता. तो बारगळला. तरी पुढे कित्येकांनी छातीठोकपणे सांगितलं, की आम्ही डोळ्यांनी पाहिलं!

1972 मध्ये त्यानं कादंबऱ्यांना रामराम ठोकला आणि पासपोर्टवर व्यवसायाच्या जागी लिहून घेतलं : व्यवसाय नाही.

वेळ कमी आहे? 'द ब्लू रूम' घ्या, 1964 ची. हॉटेलच्या निळ्या खोलीत दोघं प्रेमी चार साधी वाक्यं बोलतात आणि तीच वाक्यं पुढे चौकशीत पुन्हा पुन्हा विचारली जातात. जेमतेम दोनशे पानं. रात्री जेवण झाल्यावर उघडा, आणि सकाळचा अलार्म लावायला विसरू नका!