घोरणं अचानक थांबतं तेव्हा

आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज ओटीपर्यंत आला की घरचे म्हणतात, "दमलाय बिचारा, गाढ झोपलाय." मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठणे आणि कोलाडच्या मध्ये असलेल्या खांबमध्येही हा समज कानावर येतो. हा समज धोक्याचा आहे.

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, कधी त्याहून बराच जास्त वेळ. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा उसासा येतो आणि घोरणं पुन्हा सुरू. तासाला 5 वेळा असं झालं तर तो दोष धरतात. 30 म्हणजे तीव्र, दर दोन मिनिटांना एकदा. सकाळी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. म्हणून लक्ष आवाजाकडे द्यायचं तसं मधल्या शांततेकडेही. ती ऐकणारी बायको किंवा आई हीच या आजाराची खरी साक्षीदार.

सगळ्यात जास्त अन्याय करणारा गैरसमज म्हणजे "आळशी झालाय". धाटावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याची पेंग रात्रपाळीच्या नावावर सहज खपून जाते. पण सुट्टीत पुरेशी झोप मिळूनही जेवताना, एसटीत, बोलता बोलता डोळा लागत असेल, तर तो स्वभाव नाही, आजार असू शकतो. अशा माणसाच्या हाती महामार्गावर स्टिअरिंग असेल तर प्रश्न एका घराचा राहत नाही.

"हे जाड पुरुषांचंच दुखणं" हेही अर्धसत्य. वजन हे मोठं कारण आहेच. पण जबडा लहान असलेल्या सडपातळ माणसालाही हा आजार होतो, आणि पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये वाढतो. त्या बहुतेकदा थकवा, झोपमोड, सकाळची डोकेदुखी सांगतात. घोरण्याचं लाजेने सांगत नाहीत. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल कारण असतात. मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या 2004 सालच्या अभ्यासात 35 ते 65 वयाच्या पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांना लक्षणांसह हा आजार आढळला होता.

गुदमरून दचकून उठणं म्हणजे बाहेरची बाधा नव्हे. दारू किंवा मनाने घेतलेली झोपेची गोळी घसा आणखी सैल करते. आणि घोरण्याने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: उपचार न केल्यास रक्तदाब औषधांनाही दाद देईनासा होऊ शकतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी 2022 मध्ये गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

"मशीन लागलं, म्हणजे संपलं" ही भीती तर उपचारच अडवते. 1981 साली कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत मांडलेलं सीपॅप यंत्र खोलीतलीच हवा दाबाने आत सोडतं आणि घसा उघडा ठेवतं. तो ऑक्सिजनचा सिलिंडर नाही. त्याची सवय लागते असंही नाही. चष्म्यासारखं, वापरलं तोवर काम. पावसात वीज गेली तर मास्क काढून कुशीवर झोपावं.

आज रात्री घोरणाऱ्या माणसाचं दोन-तीन मिनिटांचं मोबाइल शूटिंग करा, छाती आणि आवाज दोन्ही येतील असं. ते घेऊन रोहा, पेण किंवा अलिबागच्या डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः त्याच्यासोबत जा आणि स्लीप स्टडीबद्दल विचारा. त्याला दिवसा पेंग येत असेल तर निदान होईपर्यंत गाडी चालवू देऊ नका.