विरघळणारा आधार, भरून येणारं हाड

मयूर विहार फेज १ मधून दिल्ली मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेने आयएनएला जावं, तिथून पिवळ्या मार्गिकेवर पुढचंच स्थानक एम्स. याच एम्सने आयआयटी दिल्लीच्या जोडीने १९७१ मध्ये जैववैद्यकीय अभियांत्रिकीचं केंद्र उभारलं. शरीरात बसवायच्या पदार्थांचा अभ्यास दिल्लीत इतका जुना आहे, तरी घरात कुणाचं हाड मोडलं की ‘रॉड टाकला’ म्हटल्यावरच नातेवाइकांना धीर येतो आणि ‘विरघळणारा स्क्रू’ ऐकला की शंका येते. गैरसमजाचं मूळ ‘विरघळणं’ या शब्दातच आहे. मीठ पाण्यात विरघळतं तसं इथे होत नाही. असा स्क्रू ज्यापासून बनतो त्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या लांब साखळ्या पाणी हळूहळू तोडतं, त्यातून लॅक्टिक आम्ल सुटतं आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. लॅक्टिक आम्ल आपल्या स्नायूंतही रोजच तयार होतं. शुद्ध पॉलिलॅक्टिक आम्लाचा पदार्थ दोन वर्षांहून अधिक टिकू शकतो. त्यात ग्लायकोलिक आम्ल निम्म्याने मिसळलं तर महिना-दोन महिन्यांत विघटन होतं. म्हणजे तो किती दिवस टिकणार, हे बनवणाराच ठरवतो.

मग धातूच का नको? धातू मजबूत आहे, पण ताठरही आहे. ताठरपणा मोजला तर स्टील सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियम ११० आणि हाडाचा घट्ट भाग १० ते २०. भार धातूच उचलत राहिला तर त्याखालचं हाड विरळ होऊ लागतं. उलट पॉलिलॅक्टिक आम्लाचा ताठरपणा तीन-चारच्या आसपास. तो वाढवायला त्यात कॅल्शियम फॉस्फेटची भुकटी मिसळतात. हाडही असंच मिश्रण आहे: सुमारे दोन तृतीयांश खनिज, उरलेलं मुख्यतः कोलॅजेन आणि पाणी. तरीही मांडीचं मोडलेलं हाड हे मिश्रण एकट्याने पेलणार नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याची खरी जागा पोकळी भरण्यात, जबड्यात, अस्थिबंध बसवणाऱ्या स्क्रूमध्ये आहे.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज मला अधिक घातक वाटतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांच्या गटाने रेशमातल्या फायब्रॉइनपासून हाडासाठी सच्छिद्र सांगाडे घडवले. त्यांचा भरवसा चाचण्यांवर ठरतो, रेशमाच्या नावावर नाही. लॅक्टिक आम्लही एका जागी साचलं तर बऱ्याच काळाने सूज येऊ शकते, आणि कॅल्शियम फॉस्फेट ते आम्ल काही प्रमाणात शमवतं. हाड वाढवणारं बीएमपी-२ हे प्रथिन कोलॅजेनच्या स्पंजातून देण्यास अमेरिकेत २००२ मध्ये कंबरेच्या मणक्यासाठी मान्यता मिळाली. मानेच्या मणक्यात ते वापरल्यावर घशाला सूज येऊन श्वास अडकल्याच्या तक्रारी आल्या, आणि २००८ मध्ये तिथल्या नियामकाला इशारा द्यावा लागला. प्रथिन तेच, पण जागा बदलताच धोका बदलला.

औषधाचंही तसंच. जंतुसंसर्गाने मेलेल्या हाडाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे शिरेतून दिलेलं प्रतिजैविक तिथे पुरेसं पोचत नाही. ॲक्रिलिक सिमेंटचे औषधी मणी ते जागेवर देतात, पण ते काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. कॅल्शियम सल्फेटचे मणी काही आठवड्यांत शरीरात जिरतात. हे सल्फेट म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच. जर्मनीत ड्रीसमनने १८९२ मध्ये हाडाच्या पोकळ्या त्याने भरल्याची नोंद आहे. मात्र पहिल्या दिवसांत औषध भराभर सुटतं आणि पुढे ओसरतं. म्हणून मेलेलं हाड शस्त्रक्रियेने खरवडून काढणं टळत नाही, आणि शिरेतून किंवा तोंडाने द्यायची औषधंही सहसा चालूच ठेवावी लागतात.