कैद्याच्या हातचे शिरस्त्राण

युद्धाचा इतिहास तोफा मोजतो, सेनापतींची नावे लक्षात ठेवतो. सैनिकाचा गणवेश कोणी शिवला, त्याचे शिरस्त्राण कोणी घडवले, हे सहसा कोणी विचारत नाही. मी बावीस वर्षे एका कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. त्यामुळे असेल, पण माझे लक्ष तोफेपेक्षा तिच्यासोबत येणाऱ्या तपासणीच्या दाखल्याकडे आधी जाते. अमेरिकी सैन्याला होणाऱ्या पुरवठ्याविषयीचे सरकारी अहवाल मी गेली काही वर्षे वाचतो आहे. त्यातले मला सर्वांत बोलके वाटलेले प्रकरण टेक्सासमधील बोमाँट येथील तुरुंगाचे आहे. ते समजण्यासाठी आधी सैन्याचा माल तुरुंगात पोचतोच कसा, हे पाहावे लागते.

अमेरिकेने १८६५ साली तेरावी घटनादुरुस्ती करून गुलामगिरी बंद केली. मात्र त्याच वाक्यात एक अपवाद ठेवला : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम घेता येईल. पुढची काही दशके दक्षिणेकडील राज्यांनी या अपवादाचा पुरेपूर लाभ घेतला आणि कैदी चक्क भाड्याने दिले. खाणींत, मळ्यांत, रेल्वेच्या कामांवर त्यांना राबवण्यात आले. याला विरोध झाला तो केवळ दयेपोटी नव्हे. फुकटच्या मजुरीशी आम्ही स्पर्धा कशी करायची, असा कामगार संघटनांचा आणि कारखानदारांचाही सवाल होता. १९२९ आणि १९३५ च्या कायद्यांनी तुरुंगात बनलेल्या मालाच्या राज्याराज्यांतील व्यापारावर निर्बंध आले.

खुला बाजार असा बंद होत असतानाच, १९३४ मध्ये, रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत ‘फेडरल प्रिझन इंडस्ट्रीज’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. आज ते ‘युनिकॉर’ या व्यापारी नावाने ओळखले जाते. मूळ व्यवस्था अशी, की त्याने माल लोकांना विकायचा नाही, फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना विकायचा. आणि एखादी वस्तू ते बनवत असेल तर खात्यांनी ती त्याच्याकडूनच घ्यायची. आता सरकारी खात्यांत सर्वांत मोठा खरेदीदार कोण? अर्थातच सैन्य. तुरुंगातून छावणीकडे जाणारी वाट अशी कायद्यानेच आखून दिली. २००२ च्या संरक्षण अधिनियमाने ही सक्ती सैन्यापुरती सैल केली. आधी बाजारात किंमत आणि दर्जा तपासा, मग ठरवा, अशी मुभा मिळाली. पण वाट पडायची ती पडून गेली होती.

दुसरी भिंत परदेशी मालाविरुद्ध आहे. १९४१ पासून ‘बेरी दुरुस्ती’ या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की सैन्यासाठीचे कापड, कपडे, अन्न यांसारख्या वस्तू अमेरिकेतच तयार झालेल्या असाव्यात. हेतू समजण्यासारखा आहे. युद्धाच्या काळात गणवेशासाठी दुसऱ्या देशाच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येऊ नये. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणकामाचा धंदा आशियात आणि लॅटिन अमेरिकेत गेला आणि अमेरिकेतले शिवण कारखाने एकामागून एक बंद पडले. नियम राहिला, शिवणारे हात घटले. ही पोकळी भरायला जे पुढे होते त्यांत तुरुंगातले कारखानेही होते.

ही भिंत किती हळवी आहे ते २००१ मध्ये दिसले. सैन्यप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी आदल्या ऑक्टोबरात जाहीर केले होते, की १४ जून २००१ पासून संपूर्ण भूदल काळी बेरे टोपी घालील. एवढ्या टोप्या एवढ्या थोड्या अवधीत देशात होणे शक्य नव्हते. तेव्हा नियमाला सूट देऊन परदेशांतून टोप्या घेतल्या गेल्या. त्यांत चीनमध्ये बनलेल्या सहा लाखांहून अधिक होत्या. १ एप्रिलला हैनान बेटाजवळ अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली, संबंध ताणले गेले, आणि मे महिन्याच्या आरंभी उपसंरक्षणमंत्री वुल्फोविट्झ यांनी चिनी टोप्या परत घेण्याचा आदेश दिला. टोपीच्या विणीवर वाद नव्हता. वाद होता तो तिच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर.

आता बोमाँटकडे येऊ. तिथल्या शिरस्त्राणांवर परदेशाची चिठ्ठी नव्हती. २००६ मध्ये ‘आर्मरसोर्स’ या ओहायोतील कंपनीला भूदलासाठी शिरस्त्राणे बनवण्याचे कंत्राट मिळाले. तिने उत्पादनाचे काम उपकंत्राटाने युनिकॉरला दिले आणि ते बोमाँटच्या तुरुंगात होऊ लागले. १,२६,०५२ शिरस्त्राणे झाली. कंपनीला ३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. पुढे ती सारी शिरस्त्राणे परत मागवावी लागली.

काय झाले होते? न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०१६ मध्ये चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. शिरस्त्राण म्हणजे केव्हलार या गोळीरोधक कापडाचे थर साच्यात दाबून केलेले कवच. त्याची सारी ताकद थरांच्या चिकटण्यात असते. बोमाँटमध्ये तयार कवचे उचकटून कानाजवळच्या भागात केव्हलारचे तुकडे आणि भुकटी भरली जात होती व ती पुन्हा दाबली जात होती. मान्यता नसलेला कच्चा माल आणि मुदत संपलेला रंग वापरला गेला होता. अनुक्रमांक बदलले होते. २६ जानेवारी २०१० रोजी तपास पथकाने अचानक भेट दिली, तेव्हा कैदी घरगुती बनावटीच्या हत्यारांनी उघडपणे शिरस्त्राणांवर काम करताना आढळले. त्याने कवचाला इजा होत होतीच, शिवाय तुरुंगात अशी हत्यारे म्हणजे वेगळाच धोका. याच तुरुंगात नौसैनिकांसाठी थेट कंत्राटाने केलेली सुमारे २३,००० शिरस्त्राणेही बाजूला काढावी लागली.

मला खरे हादरवले ते तपासणीच्या परिच्छेदाने. संरक्षण खात्याच्या निदान एका निरीक्षकाने लॉट न तपासताच तपासल्याची नोंद केली होती, आणि एकदा तर दाखला फॅक्सवरून दिला गेला होता. तपासणी खात्यात काम केलेल्या कोणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. निरीक्षक मालाजवळ उभा नसेल, तर दाखला हा फक्त कागद असतो.

अशा वेळी सहज म्हटले जाते, ‘कैद्यांकडून काम करून घेतले, मग दुसरे काय होणार?’ मला हे पटत नाही. या कारखान्यांतली मजुरी तासाला २३ सेंट ते १ डॉलर १५ सेंट आहे. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलर आहे. न्यायालयाने दंड किंवा भरपाई लावली असेल तर कमाईचा अर्धा भाग त्यात जातो. तरीही कैद्यांना हे काम हवे असते, कारण तुरुंगातल्या इतर कामांना याहून कमी मिळते. समजा, त्यातल्या एकाला कळले की तो जोडत असलेले कवच कमकुवत आहे. तो काय करील? काम थांबवले तर काम जाईल. काम देणारा आणि कोठडीची किल्ली बाळगणारा एकच आहे. बाहेरचा कामगार निदान नोकरी सोडू शकतो, संघटनेकडे जाऊ शकतो. याच्याकडे ते दार नाही.

मग हे उघडकीला आले कसे? युनिकॉरच्या दोन माजी कर्मचाऱ्यांनी न्यायालयात दावा लावला. त्या कैदी नव्हत्या. पगारी नोकरीतल्या होत्या, नोकरीबाहेर पडलेल्या होत्या, म्हणून बोलू शकल्या. सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीतला वाटा देणारा कायदाही त्यांच्या पाठीशी होता. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ३० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. सरकारचे नुकसान १ कोटी ९० लाखांहून अधिक होते. फौजदारी खटला कोणावरही झाला नाही. या शिरस्त्राणांमुळे कोणी सैनिक जखमी झाल्याचे चौकशीत आढळले नाही, हे नशीब.

अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यातील ३०७ व्या कलमानुसार परदेशी तुरुंगात बनलेला माल त्या देशात आणता येत नाही. सक्तीच्या श्रमाचा माल नको, हे तत्त्व चांगलेच आहे. पण सीमेवर लागू होणारे तत्त्व बोमाँटच्या फाटकाशी थांबते. बेरे टोपी चिठ्ठीवरून नाकारली गेली, शिरस्त्राण चिठ्ठीवरून स्वीकारले गेले. दोन्ही वेळा पाहिली गेली ती जागा. ज्याच्या हातून वस्तू होते त्याला चूक दाखवता येते का, हे कोणी पाहिले नाही.

पुरवठ्याचे करार मी अजून वाचतो. त्यांत देशाचे नाव, किंमत, मुदत, दंड असे सगळे असते. ‘सदोष माल दिसल्यास कामगाराला काम थांबवता येईल आणि त्याबद्दल त्याचे काही बिघडणार नाही’ अशी अट तिथे पहिल्या पानावर असायला हवी. कारण रणांगणावरच्या सैनिकालाही आपले शिरस्त्राण निवडता येत नाही. तो ते डोक्यावर चढवतो, तेव्हा कुठल्या तरी दूरच्या कारखान्यातल्या अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर विसंबलेला असतो. त्या माणसाला प्रामाणिक राहणे परवडले पाहिजे.