वेदवचने देवाची की आकाशाची?



धर्मग्रंथांतील वचने साक्षात देवाकडून आली, की जुन्या काळच्या माणसांनी आकाशात जे पाहिले तेच देवाधर्माच्या भाषेत सांगितले? वरच्या वर्गांतील मुले हा प्रश्न वारंवार विचारतात. घरी आजोबा एक सांगतात, विज्ञानाच्या तासाला दुसरेच कानावर पडते, आणि मुलाला वाटते की दोघांपैकी कोणीतरी आपल्याला फसवत आहे. म्हणून या अंकात हा वाद थोडा सविस्तर मांडत आहोत.

सुरुवात आपल्या रोजच्या बोलण्यापासूनच करू. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात शिरतो. आपण म्हणतो 'मृग लागला'. आपले तेलुगू शेजारी 'मृगशिरा कार्ते' म्हणतात आणि त्या दिवशी आवर्जून मासे खातात. बोलणे पेरणीचे, पण शब्द आकाशातला! केस्लापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते, त्या महिन्याचे नाव पुष्य नक्षत्रावरून आले. गोंड बांधवांना तर मृगाच्या ताऱ्यांत नांगर दिसतो, अशी नोंद मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. ज्या ताऱ्यांत वैदिक ऋषींना हरीण दिसले, त्यांतच शेतकऱ्याला नांगर दिसावा, हे आम्हाला फार आवडले.

त्या हरणाची कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे. प्रजापती हरणाचे रूप घेऊन रोहिणीच्या मागे लागला, तेव्हा देवांच्या सांगण्यावरून त्याला बाण मारण्यात आला. हिवाळ्याच्या रात्री वर पाहिले की रोहिणी, मृग, मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे बाण, आणि मागे लखलखणारा व्याध, अशी सगळी मंडळी ओळीने हजर असतात. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' या इंग्रजी पुस्तकात असे मांडले की ही नुसती कथा नव्हे. वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य मृगात असे, त्या काळाची ती आठवण आहे. त्यावरून त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास नेला. जर्मनीत याकोबी हे पंडित स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला पोहोचले होते.

परंपरेचे म्हणणे याच्या उलट. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय, म्हणजे कोणा माणसाने रचलेलेच नाहीत. मग त्यांना काळ कसला लावायचा?

या वादात आम्हाला सर्वांत पटणारा माणूस म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी १८५३ साली जन्मलेले हे गृहस्थ पेशाने शिक्षक होते. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ १८९६ सालचा. शतपथ ब्राह्मणात यज्ञाचा अग्नी कोणत्या नक्षत्रावर स्थापन करावा याची चर्चा आहे. तिथे कृत्तिकांच्या बाजूने एक कारण दिले आहे: बाकीची नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षितांनी या वाक्याचा सरळ अर्थ घेतला. ज्याने हे सांगितले त्याच्या काळी कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत असल्या पाहिजेत.

आज त्या तशा उगवत नाहीत. भोवरा फिरता फिरता डुलतो, तशी पृथ्वीही डुलते. एक डुलणे पुरे व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात, आणि त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू सरकतात. आपल्या गुडीहत्नूरहून पाहिले तर कृत्तिका आता पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात. मागे गणित करत गेले की त्या ठीक पूर्वेला येतात इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास. थिबोसारख्या पंडितांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते ते वाक्य इतके काटेकोर घेऊ नये, आणि वाक्य जुने म्हणून ग्रंथही तितकाच जुना असे ठरत नाही. हा आक्षेप अजून मिटलेला नाही.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कृत्तिकांचे वाक्य मोजून पाहता येते, चुकीचे ठरू शकते. हरणाच्या कथेचे तसे नाही. तिच्यात कोणी वसंतसंपात पाहील, कोणी नुसते ताऱ्यांचे चित्र. टिळकांचे १९०३ सालचे आर्क्टिकवरील पुस्तक तर त्याहून पुढे गेले. उषेच्या सूक्तांतील लांबलेल्या पहाटेवरून त्यांनी आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेले. पुस्तक विद्वत्तेचे आहे, परंतु आजच्या पुरातत्त्वाचा त्याला आधार मिळत नाही.

बायबलबद्दलही असाच वाद आहे. येशूच्या जन्मवेळचा तारा म्हणजे इसवी सनापूर्वी ७ मधील गुरू-शनीची युती असावी, असा विचार केप्लरच्या गणितापासून चालत आला. यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याचे वर्णन आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'तळपणे थांबले' असा घेऊन, इसवी सनापूर्वी १२०७ मधील ३० ऑक्टोबरच्या कंकणाकृती ग्रहणाशी हम्फ्रीज व वॉडिंग्टन यांनी २०१७ साली त्याचा संबंध जोडला. ग्रहण झाले हे गणिताने सांगता येते. ते वर्णन त्याच ग्रहणाचे आहे, हे नाही.

मग आजोबा खरे की विज्ञानाचा तास? आमचे मत असे की दोघे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. आकाशावरून फार तर एवढे कळते की एखादे वाक्य केव्हाच्या निरीक्षणातून आले. ते वाक्य माणसाला कोणी सुचवले, हे दुर्बिणीत दिसत नाही. उलट, वचन देवाचे आहे म्हणून त्यातले तारे मोजूच नयेत, हेही आम्हाला पटत नाही. ज्यांनी कृत्तिकांचे वाक्य सांगितले ते अग्नीची पूजा करणारेच होते, आणि तरी त्यांनी पूर्व दिशा नीट पाहून ठेवली होती.

मुलांनी हे स्वतः पाहावे. २१ जूनच्या आसपास सूर्य कोणत्या झाडावर किंवा खांबावर उगवतो ते आपल्या शेतातून किंवा गच्चीवरून लिहून ठेवा. ढग आड आले तर दोन-चार दिवस वाट पाहा. २३ सप्टेंबरला पुन्हा पाहा. ती ठीक पूर्व. मग दिवाळीच्या रात्री सात-आठच्या सुमारास, महामार्गाचे दिवे पाठीमागे ठेवून, कृत्तिकांचा लहानसा झुबका शोधा. तो जूनच्या खुणेजवळून वर आलेला दिसेल. दीक्षितांच्या हिशोबाप्रमाणे पाच हजार वर्षांपूर्वी तो सप्टेंबरच्या खुणेवर उगवत होता. दोन्ही खुणांचे चित्र काढून वर्गशिक्षकांकडे द्यावे.